बाबांनी अठरा तिकिटं काढली

‘नमस्कार मॅडम. कॉलेजने मुलीला इंटर्नशिप म्हणून नाटक कंपनीत पाठवलंय. नाटकात छोटं काम दिलंय, पण वर सामानही उचलून घेतात. रात्री साडेबाराला घरी येते. हातावर वळ असतात. हे शिक्षण म्हणायचं की फुकटचा गडी? थांबवू का तिला?’

मी समुपदेशक आहे. असा मेसेज हल्ली शब्द बदलून बदलून माझ्याकडे येतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला. या मेसेजमधल्या कॉलेजात तो 4 श्रेयांकांचा, म्हणजे 120 तासांचा आहे. कॉमर्सची मुलं सीएच्या ऑफिसात गेली, सायन्सची लॅबमध्ये. बी.ए.च्या मुलांना कुठे पाठवायचं, यावर बऱ्याच स्टाफरूममध्ये डोकी खाजवून झाली. काहींनी वर्तमानपत्रं गाठली, काहींनी ग्रंथालयं, आणि ज्या कॉलेजांत एकांकिका स्पर्धांचं वेड जुनं आहे त्यांनी सरळ नाट्यसंस्थांशी करार केले. कल्पना उत्तम आहे. फक्त घरी बसलेल्या आईबापाला ती कुणी समजावून सांगत नाही.

वरचा मेसेज रेणुकाच्या वडिलांचा. नाव अर्थातच बदललंय, ओळख पटेल असे इतर तपशीलही बदललेत, आणि दोघांना विचारूनच हे लिहितेय. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, मूळ सावंतवाडीकडचे, राहायला डोंबिवलीत. पहिल्या भेटीला ते एकटेच आले. ड्युटीवरून थेट, खाकी शर्टात, मांडीवर डब्याची पिशवी.

आता माझी चूक सांगते. समोर खाकी शर्ट आणि तोंडी ‘नाटकवाले’ हा शब्द, एवढ्यावर मी मनाशी ठरवून टाकलं की या गृहस्थांना नाटक नको आहे, मुलीने बी.एड. करावं असं वाटतंय. मग मी चांगली वीस मिनिटं बोलले. प्रकाशयोजना, कपडेपट, निर्मिती व्यवस्थापन, डबिंग, शाळांमधलं नाट्यशिक्षण. पुढे शिकायचं तर कालिन्याला मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्राची अकादमी आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. सगळं खरं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पटलं मॅडम. पण मी ते विचारायला आलोच नाही. नाटक माझ्या रक्तात आहे. आमच्या जत्रेत दशावतार बघत रात्र रात्र जागलोय मी. मला एवढंच सांगा, प्रयोग असला की ती सकाळपासून जेवत का नाही? आणि उलट्या का करते?”

सुरुवात इथून व्हायला हवी होती.

रेणुकाला मी आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ताण आहे असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो आणि खरं दुखणं पोटातच निघतं, असं मी पाहिलंय. तपासणीत काही निघालं नाही. मग ती आली. पहिल्या भेटीत हो-नाहीपलीकडे एक शब्द नाही. दुसऱ्या भेटीत जाता जाता, दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाली, “सतरा तारखेचा प्रयोग डोंबिवलीत आहे. सावित्रीबाई फुलेला. बाबांनी अठरा तिकिटं काढलीत.”

“मग?”

“मी नाटकात नाहीच आहे.”

दाराशी आलेलं वाक्य हेच त्या तासाचं खरं वाक्य असतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण. ती परत खुर्चीत येऊन बसली.

आपल्या भाषेनेच घोळ घातला होता. पहिल्या दिवशी आईने विचारलं, “काय गं, काम मिळालं का?” हिने सांगितलं, “हो, नाटकात काम करते.” मराठीत नाटकातलं काम म्हणजे भूमिका. झाडू मारणाराही कामच करतो, पण ‘नाटकात काम करतो’ असं त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. तिच्या वाक्यात खोटं काही नव्हतं, ऐकणाऱ्यांनी ते आपल्या परीने ऐकलं. दोन दिवसांनी आत्याने फोनवर विचारलं, “कसलं काम?” तेव्हा मात्र हिच्या तोंडून निघून गेलं, “मोलकरणीचं. छोटंसं आहे.” झालं. मग संवाद किती, साडी कुठली, मुख्य नटीशी बोलतेस का. प्रत्येक प्रश्नाला एकेक वीट. उभं आयुष्य दुसऱ्यांना तिकिटं देण्यात गेलेल्या माणसाने पहिल्यांदाच स्वतः खिडकीवर उभं राहून प्लॅन बघून अठरा तिकिटं काढली, तीही मधल्या रांगेतली.

पण खोटं उघडं पडेल, ही भीती वरवरची होती. तिच्या वर्गातल्या दोघांना त्याच संस्थेच्या दुसऱ्या नाटकात गर्दीच्या प्रवेशात का होईना, उभं केलं होतं. हिला कधीच बोलावलं नव्हतं. “मी दिसण्यासारखी नाही म्हणून मला अंधारात ठेवलंय,” ती म्हणाली. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हातावरच्या वळांपेक्षा हा वळ खोल होता.

अशा वेळी ‘तू छानच दिसतेस’ म्हणण्याचा मोह मी टाळते. पाच मिनिटं टिकतं ते. मी विचारलं, “तुझी वही आणलीस?” तासांची नोंद करायला कॉलेजने वही दिली होती. तिच्यात रकाने भरले होते: दिनांक, वेळ, काम. कामाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, ‘बॅकस्टेज’. मागच्या पानांवर मात्र वेगळंच काही होतं. पेन्सिलीने काढलेले चौकोन, बाण, आकडे.

“हे काय?”

“काही नाही, ब्लॅकआऊट आहेत. सात आहेत नाटकात.”

“एक करून दाखव.”

आधी लाजली. मग उठली आणि माझ्या खोलीचा रंगमंच केला. माझं टेबल म्हणजे सोफा, कुंडी म्हणजे फोनचं स्टँड. “हा तिसरा. चौदा सेकंद. दिवे गेले की आधी तीन मोजायचे, कारण डोळे अंधाराला सरावत नाहीत तोवर पाऊल टाकलं की आपटलंच. नट डाव्या विंगेत जातात, मी उजवीकडून येते, नाहीतर टक्कर. टीपॉय आत, चहाचे कप उचलायचे पण बशा ठेवायच्या, कारण पुढच्या प्रवेशात ती बाई बशीच फोडते. खुर्चीचे मागचे दोन पाय रेडियमच्या खुणेवर. चार बोटं जरी इकडेतिकडे झाली तरी स्पॉट नटाच्या खांद्यावर पडतो, तोंडावर नाही. मग फोनचा रिसीव्हर उलटा ठेवायचा, फोन उचलणारे नट डावखुरे आहेत.” हे सांगताना ती एकदाही अडखळली नाही. आवाजही वेगळा होता, जरा हुकूम सोडणारा.

मी तिला घरचा अभ्यास दिला: वहीतला ‘बॅकस्टेज’ हा शब्द खोडायचा आणि प्रत्येक दिवसासमोर क्रियापदं लिहायची. उचललं, मोजलं, लावलं, शोधलं, शिवलं, आठवण करून दिली. पुढच्या भेटीत तीन पानं भरून आली. एका प्रयोगाला पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी नाटकातला चष्मा सापडेना, तेव्हा तिने प्रेक्षागृहाच्या दारावरच्या काकांचा चष्मा मागून आणला होता. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मते ते ‘काही नाही’ होतं.

त्या क्रियापदांतून दुसरीही एक गोष्ट दिसली. पहिले पाच आठवडे ‘चहा सांगितला’, ‘ट्रंक उचलली’ याशिवाय काही नव्हतं. वडिलांचा ‘फुकटचा गडी’ हा शब्द तेवढ्या काळापुरता शंभर टक्के बरोबर होता. नाटकाच्या प्रेमापोटी आपण यावर पांघरूण घालतो, ते मला मान्य नाही. सामान सगळेच उचलतात, उचलायलाच हवं, पण 120 तासांतले किती तास त्यात जाणार, हे आधी ठरायला नको? रेणुकाच्या परवानगीने मी कॉलेजच्या समन्वयक बाईंशी बोलले. करारात संस्थेचं नाव, तास आणि शिक्के होते. शिकवणार कोण, कुठला विभाग किती दिवस, यावर एक ओळ नव्हती. बाईंनी खळखळ केली नाही. त्यांनी आणि नाटकाच्या व्यवस्थापकांनी बसून कागद केला: इतके प्रयोग नेपथ्य, इतके प्रकाशयोजनेच्या माणसाशेजारी, काही दिवस ऑफिसात. तारखा मिळवणं, जाहिरात, नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, सगळं तिथे कळतं. प्रयोग लावणं किती किचकट असतं, हे रेणुकाला रंगमंचापेक्षा त्या ऑफिसातच जास्त कळलं असावं.

रात्रीचा प्रश्न राहिलाच होता, आणि वडिलांच्या जागी मी असते तरी तोच पहिला विचारला असता. साडेआठचा प्रयोग अकराच्या पुढे सुटतो, मग सेट उतरवून टेम्पोत चढवायचा. तोवर शेवटची लोकल गाठायची धावपळ. आता असं ठरलं की विद्यार्थ्यांनी सेट उतरवायला थांबायचं नाही, दोघांनी मिळून निघायचं आणि बाहेरगावच्या दौऱ्याला पालकांच्या लेखी होकाराशिवाय न्यायचं नाही. पालकांना सहसा ठाऊक नसतं म्हणून इथे सांगते: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बिनपगारी शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या नाट्यसंस्थेत अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलीला पाठवण्याआधी कॉलेजला विचारा की तक्रार कुणाकडे करायची. उत्तराला वेळ लागला तर समजून जा.

नोकरी लागेल का, या प्रश्नावर मी गुळमुळीत बोलत नाही. मराठी नाटकात पडद्यामागच्या माणसाला नाईट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी, तेव्हा खिसाही हलका. एका नाटकावर घर चालणं कठीण. बरेच जण दोन-तीन नाटकं, मालिका, इव्हेंट असं जुळवून आणतात. पण तीन महिन्यांचा अनुभव म्हणजे आयुष्याची सही नव्हे. नाटक आपल्याला झेपत नाही, हे वयाच्या विसाव्या वर्षी 120 तासांत कळलं तर सौदा स्वस्तच पडला.

राहता राहिली अठरा तिकिटं.

बाबांना सांगायचं कसं, याची आम्ही तालीम केली. मी बाबा झाले. ती तीनदा रडली, चौथ्यांदा चिडली, तेव्हा मला वाटलं, आता जमेल. प्रयोगाच्या आठ दिवस आधी दोघंही माझ्या खोलीत बसले. तिने वही पुढे केली आणि एका दमात सांगून टाकलं, “बाबा, मी नाटकात नाही. मी खोटं बोलले.”

सिनेमात असतो तसा बाप इथे विरघळला नाही. त्यांचा चेहरा उतरला. “अठरा माणसांना मी काय सांगू?” एवढंच म्हणाले आणि उठून बाहेर गेले. रेणुकाने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. पंधरा-वीस मिनिटांनी ते खालच्या टपरीवरून चहा पिऊन परत आले, बसले, वही उघडली. ते चौकोन, बाण बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले.

“गो, मगे आधी सांगूक नको?” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आमच्याकडे दशावतारी नटाला काय म्हणतात ठाऊक आहे मॅडम? रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. रात्री मुकुट घालून तलवार फिरवणारा माणूस सकाळी पेटारा घेऊन पुढच्या गावाला चालत जायचा. मी बघितलंय. त्याला कधी लाज वाटलेली बघितली नाही.” थोडं थांबून, “हिला वाटली. मुंबईत वाढली ना.”

हे शेवटचं वाक्य रेणुकाला लागलं, आणि पुढच्या भेटीतला निम्मा वेळ त्यावरच गेला. उलट्याही काही एका दिवसात थांबल्या नाहीत, आणखी दोन-तीन प्रयोग तरी ती उपाशीच गेली. तिकिटं परत करायची नाहीत, हे मात्र बाबांनी ठरवलं. नातेवाइकांना फोन करून काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. आत्या म्हणे येताना गजरा घेऊन आली होती आणि तो द्यायचा कुणाला, या गोंधळात शेवटी स्वतःच माळून गेली.

सतरा तारखेला रात्री पावणेबाराला माझा फोन वाजला. मी सहसा उचलत नाही.

“मॅडम, सात वेळा अंधार झाला. मोजले मी. नाटक काय फार कळलं नाही, माझं लक्ष अंधाराकडेच होतं. सहा वेळा काहीही ऐकू आलं नाही. पाचव्याला काहीतरी पडल्यासारखं वाटलं.”

पुढच्या भेटीत मी रेणुकाला तसं सांगितलं.

“फुलदाणी होती,” ती म्हणाली. “आणि ती माझ्याकडे नव्हती.”