रॉड म्हणजे वाट बदललेली कोन पेशी

दृष्टिपटलातल्या सगळ्या पेशींत डीएनए एकच, मग एक रॉड (अंधुक उजेडात पाहणारी पेशी) आणि तिची शेजारीण कोन (भर उजेडात आणि रंग पाहणारी) कशी होते, आणि प्रत्येक प्रकाराचं एकेक 'मास्टर जीन' असतं का, असं तुम्ही विचारलंत. आधी दुसरं घेतो, कारण गोंधळ तिथेच आहे.

'मास्टर' हा शब्द पॅक्स-६ मुळे गाजला. १९९५ मध्ये बासेलला वाल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचं हे जनुक फळमाशीत भलत्याच जागी चालू केलं, तर तिच्या पायावर डोळा उगवला. तोही माशीचाच, उंदराचा नव्हे! पण उंदराच्या घडत्या दृष्टिपटलातून पॅक्स-६ काढून टाकलं की पूर्वज पेशींना जवळपास फक्त अमॅक्राइन पेशीच घडवता येतात. म्हणजे इथे पॅक्स-६ 'तू अमुक हो' असं सांगत नाही, दृष्टिपटलातल्या सातही पेशीप्रकारांच्या (रॉड, कोन, बायपोलर, हॉरिझॉन्टल, अमॅक्राइन, गँग्लियन, म्युलर) वाटा मोकळ्या ठेवतं. मला तरी 'मास्टर' हे बिरुद फसवं वाटतं.

त्या वाटाही एकदम उघडत नाहीत. गँग्लियन पेशी सर्वांत आधी जन्मतात, म्युलर पेशी अगदी शेवटी. रॉडचा मोठा भाग उंदरात जन्माच्या आसपास तयार होतो. १९८७ मध्ये टर्नर आणि सेप्को यांनी उंदीरवर्गातल्या रॅटच्या पूर्वज पेशींवर विषाणूने खूण केली, तेव्हा एकाच पेशीच्या वंशात रॉड, बायपोलर आणि म्युलर अशा तिन्ही सापडल्या. कुळावरून धंदा ठरत नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

आता रॉड आणि कोन. ओटीएक्स-२ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन, पेशीला प्रकाशग्राही होण्याच्या मार्गाला लावतो आणि सीआरएक्स या दुसऱ्या फॅक्टरला जागं करतो. सीआरएक्स रॉडमध्येही असतो, कोनमध्येही. त्यामुळे फरक त्याच्यावरून पडत नाही. फरक पडतो एनआरएल हा तिसरा फॅक्टर आला की नाही यावरून. एनआरएल आला की तो सीआरएक्सच्या जोडीने ऱ्होडॉप्सिनचं, म्हणजे रॉडमधल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाचं, जनुक जोरात चालवतो. शिवाय एनआर-२-ई-३ या आणखी एका फॅक्टरला कामाला लावतो, आणि हा गडी कोनची जनुकं दाबून ठेवतो.

२००१ मध्ये आनंद स्वरूप यांच्या गटाने एनआरएल नसलेला उंदीर तयार केला. उंदराच्या प्रकाशग्राही पेशींपैकी सुमारे ९७ टक्के रॉड असतात. या उंदरात रॉड एकही नाही आणि त्यांच्या जागी आखूड तरंगलांबी टिपणाऱ्या एस-कोनसारख्या पेशी! उलट बाजूने, सगळ्या होऊ घातलेल्या प्रकाशग्राहींत एनआरएल घातला की कोन गायब, नुसते रॉड. म्हणून मी म्हणतो, उंदरात कोन ही मुक्कामाची जागा आहे आणि रॉड हा एनआरएलने काढलेला फाटा. माणसात एनआर-२-ई-३ बिघडला तर एस-कोन प्रमाणाबाहेर वाढतात आणि रातांधळेपण येतं, तेही याच हिशेबात बसतं.

तुमच्या घरात रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आहे म्हणालात, म्हणून एक जोडतो. त्यात बहुधा आधी रॉड मरतात आणि मग त्यांच्यामागोमाग कोन. २०१७ मध्ये अशा आजारी उंदरांच्या तयार रॉडमध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने एनआरएल बंद पाडला. रॉडनी आपलं रॉडपण काही अंशी सोडलं, पण त्या तगल्या आणि त्यांच्या आधाराने कोनही जास्त काळ टिकल्या.