पद्मिनीला सगळीकडे १८ गेजचा पत्रा नको

प्रश्न असा आहे: प्रीमियर पद्मिनी गाडीचं पुढचं मडगार्ड, दाराखालची सिल आणि फ्लोअर सडलाय. डेंटर म्हणतो, सगळीकडे १८ गेज (साधारण १.२ मिमी जाड पत्रा) टाकू, मजबूत होईल. फ्लोअरपुरतं त्याचं बरोबर आहे. मडगार्डला १८ लावू देऊ नका.

आधी मूळ पत्रा मोजा. रंग, लांबी (पुट्टी), खालचा डांबरी थर दोन्ही बाजूंनी खरवडून मायक्रोमीटर लावा. दुमडलेली कड आणि गंजाने खड्डे पडलेली जागा सोडा. खोल गोलाईवरही मोजू नका, तिथे प्रेसमध्येच पत्रा ताणून पातळ झालेला असतो. त्या काळच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा बहुधा ०.९ ते १ मिमी भरतो.

दुकानात गेज नाही, मिमी सांगा. ब्रिटिश तक्त्यात २० गेज ०.९१, १८ गेज १.२२ आणि २२ गेज ०.७१ मिमी, अमेरिकन तक्त्यात तोच २२ गेज ०.७६ होतो. सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, गोलाई काढायची असेल तर डीडी किंवा ईडीडी ग्रेडचा, म्हणजे खोल ताणता येणारा. जीपी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीला वाईट, आणि जोडात छिद्रं राहतात ती वेगळीच.

आता मडगार्ड. ०.९ ला १.२ जोडायला गेलात की करंट जाड पत्र्याला पुरेसा ठेवला तर पातळ बाजूला भोक पडतं, कमी केला तर जाड बाजूवर टाका नुसता वर बसतो. थंड होताना जोड आकसतो, जाड पत्रा हलत नाही, सगळा ताण पातळ बाजूला जाऊन लाटा येतात. हातोडी आणि मागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने (डॉली) जोड ताणून त्या काढाव्यात, तर जाड पत्रा दाद देत नाही. मग शेवटी लांबीच थापली जाते.

सिल आणि फ्लोअरचं गणित वेगळं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, भार बॉडीच पेलते. तिथे १.२ ठीक, जॅक लागतो त्या जागी १.६. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा आधार टाका, नाहीतर नंतर दार बसणार नाही.

मडगार्डच्या तुकड्याचे कोपरे गोल कापा. टोकाला टोक लावा, मधे तारेइतकी फट. एकावर एक चढवलेल्या जोडात पावसाचं पाणी साचतं. मिग वेल्डिंगला ०.६ मिमीची तार, टाके २५-३० मिमीवर, एक इथे तर दुसरा लांब. जागा हात लावण्याइतकी निवल्याशिवाय शेजारचा टाका नाही. जुन्या दुरुस्तीचं पितळ दिसलं तर तो भाग कापूनच काढा. पितळावर मिग मारलं की जोडाला चिरा जातात.