सगळे खेळ एकटे बघणारे सर

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टीवायबीएला आहे. खो-खो खेळते, ४०० मीटर पळते. आंतरविद्यापीठ स्पर्धेला एकदा जाऊन आले. आमचे सर एकटेच सगळे खेळ बघतात. मला त्यांच्यासारखं व्हायचंय. बाबा म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर, खेळ शिकवून घर चालत नाही. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून मला एका विभागीय स्पर्धेतली सकाळ आठवली. एका कॉलेजचे सर, मूळचे खो-खोचे, भालाफेकीच्या मुलीजवळ उभे होते. भाला सारखा जवळच पडत होता. सर तिच्या हाताकडे बघतच नव्हते, पायांकडे बघत होते. तिसऱ्या फेकीनंतर म्हणाले, "डावा पाय टेकायच्या आधीच हात सुटतोय गं." मग शेजारच्या कॉलेजच्या मॅडमना बोलावून विचारलं, "मला असं दिसतंय, बरोबर आहे का?" आयुष्यभर हूल देणाऱ्यांचे पाय पाहिलेला माणूस होता तो. आपल्या खेळाची नजर दुसऱ्या खेळात वापरायची आणि अडलं की विचारायचं, हे ज्याला जमतं तोच दहा खेळ सांभाळू शकतो. तुझ्याकडे खो-खो आहे, म्हणजे सुरुवात चांगली आहे.

आता रस्ता. सरांच्या पदाला क्रीडा संचालक म्हणतात. त्यासाठी पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी, मग त्यातलीच पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांचं एमपीएड, त्यात किमान ५५ टक्के, आणि शारीरिक शिक्षण विषयात नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. बीपीएडच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, मैदानी चाचणीही असते, तिथे तुझं पळणं कामाला येईल. पुण्याचं आगाशे महाविद्यालय, अमरावतीचं १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, दोन्हीकडे चौकशी कर. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा उत्तम आहे, पण तो एका खेळाचा प्रशिक्षक घडवतो. कॉलेजच्या पदाला तेवढा पुरत नाही. यात मुलांची फार गल्लत होते.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे या पदासाठी खेळाडू म्हणून प्रतिनिधित्व केल्याची नोंद लागते. म्हणून तुझं आंतरविद्यापीठाचं प्रमाणपत्र जपून ठेव, लॅमिनेशन नको, दोन झेरॉक्स काढून ठेव. शिवाय तंदुरुस्तीची चाचणी असते : तीस वर्षांपर्यंतच्या महिलांना आठ मिनिटांत १००० मीटर. तुला ते जड जाणार नाही.

बाबांची काळजी मात्र खरी आहे. पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. शिकून बाहेर पडलेली कितीतरी हुशार मुलं तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर काम करताना मी पाहते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून पोलीस भरती सोडू नकोस. तिथे मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. हा सराव तुझ्या ४०० मीटरलाही पूरकच आहे. भरती झालीस तरी खेळ सुटणार नाही, पोलिसांचेही संघ असतात. बीपीएडनंतर शाळेतली क्रीडाशिक्षकाची वाटही उघडते. बाबांना हे सगळं शांतपणे सांग, त्यांच्याशी वाद घालून नको.

एक गोष्ट मैदानावरून दिसत नाही. सरांचा निम्मा दिवस कागदात जातो. पात्रता अर्ज, बोनाफाईड, रेल्वेची तिकिटं, खर्चाची बिलं, मुलींच्या पालकांचे रात्रीचे फोन. एका अर्जावर जन्मतारीख चुकली की वर्षभर पळालेली पोर बाहेर बसते. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं, त्याने या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

तेव्हा सीईटीचा फॉर्म भरायच्या आधी एक कर. पुढच्या स्पर्धेच्या वेळी सरांना म्हण, "सर, या वेळी संघाचे अर्ज मी भरते, तुम्ही तपासा." सकाळी मैदानावर फक्कीने रेषा मारायलाही तूच जा. आणि ज्या खेळातलं तुला काहीच कळत नाही, त्याच्या सामन्याला वही घेऊन बस. महिनाभराने मला पुन्हा लिही, वहीत काय भरलं ते कळव.