घरी बनवायचं पहिलं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं कापायचं) मशीन कोणतं निवडावं?

लाकूड, प्लाय, एमडीएफ एवढंच कापायचं असेल तर ३०० × २०० मिमीच्या आसपासचं, गॅन्ट्री (कटर धरणारी कमान) स्थिर आणि टेबल सरकणारं छोटं राउटर बनवा. मोठ्याच्या मोहात पडू नका: त्याच जाडीच्या रॉडची लांबी दुप्पट केली की तो तेवढ्याच जोराला आठपट वाकतो.

खर्च मोटरवर नको, सांगाड्यावर करा. स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) हाताने बाजूला ढकलून बघा. जरा जरी लवला तरी कडा खरबरीत येणार. ड्रॉवरच्या चॅनलवर अक्ष बसवायची हुशारी मीही केली होती. वर्तुळ कापायला घेतलं, निघालं अंडं!

अक्ष सरकवायला आटे पाडलेला साधा रॉड चालतो, पण फार हळू, आणि नटात ढिलाई राहते. त्यापेक्षा टी८ लीडस्क्रू (एका फेरीत जास्त अंतर सरकवणारा ८ मिमी जाडीचा आट्यांचा रॉड) आणि ती ढिलाई काढणारा अँटी-बॅकलॅश नट घ्या. नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी आणि आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल (मोटरी चालवणारं सॉफ्टवेअर), एवढं पुरे. ८ मिमी लीड (स्क्रूच्या एका फेरीत सरकणारं अंतर), मोटरच्या फेरीला २०० स्टेप, दर स्टेपचे १६ मायक्रोस्टेप म्हणजे मिमीमागे ४०० पल्स. जीआरबीएलच्या १०० ते १०२ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये हाच आकडा टाका.

ॲल्युमिनियमचं नंतर बघू. गॉगल आणि मास्क मात्र पहिल्या दिवसापासून. एमडीएफची धूळ वाईट असते.