वाचकांचे प्रश्न : जुना रिसीव्हर, नवा टीव्ही

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीहून कायमचा परत आला आणि त्याने २००७ साली तिथे घेतलेला ऑन्क्योचा टीएक्स-एसआर ६०५ हा होम थिएटर रिसीव्हर मला दिला. माझा टीव्ही नवा, फोर-के आहे. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटमधून रिसीव्हरला एचडीएमआय केबल जोडली, तर टीव्हीचा आवाज स्पीकरवर येईल का? वीजजोडणीत काही काळजी घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तिथे चूक झाली तर पहिल्या प्रश्नाची गरजच उरणार नाही. रिसीव्हरच्या मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट असे लिहिले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नये. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पट्टीवर किती वॅट लिहिले आहेत ते पाहून त्याच्या साधारण दुप्पट क्षमतेचा, लोखंडी गाभ्याचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० व्होल्टचे १२० करणारा, घ्यावा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो छोटा कन्व्हर्टर इथे चालणार नाही.

आता आवाजाकडे वळू. टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय, म्हणजेच एआरसी, २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली. आपल्या रिसीव्हरमध्ये १.३ आहे, त्यामुळे ती केबल जोडूनही टीव्हीचा आवाज येणार नाही. ही केबलची किंवा सेटिंगची चूक नव्हे. फोर-के चित्रही या रिसीव्हरमधून पुढे जाणार नाही; त्याची मजल १०८०पी म्हणजे फुल एचडीपर्यंतच आहे.

तरीही हा संच टाकाऊ समजू नये. चित्राचे तंत्र दर चार-पाच वर्षांनी बदलते, पण चांगला अ‍ॅम्प्लिफायर इतक्या लवकर म्हातारा होत नाही. म्हणून चित्राची वाट आणि आवाजाची वाट वेगळी करावी. सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंगचे उपकरण थेट टीव्हीला जोडावे आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून रिसीव्हरच्या ऑप्टिकल इनपुटला केबल न्यावी. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर) असेल, तर ऑप्टिकलमधून आवाजाचे फक्त दोनच चॅनल, डावा आणि उजवा, जातात आणि मागचे स्पीकर मुके राहतात, किंवा रिसीव्हर स्वतःच्या अंदाजाने त्यांच्यात आवाज भरतो. ते बदलून ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘ऑटो’ करावे. ओटीटीवरचा बराचसा आवाज डॉल्बी डिजिटल प्लस या प्रकारात असतो आणि तो ऑप्टिकलमधून जात नाही. त्याचे साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर टीव्हीलाच करावे लागते. रिसीव्हरच्या पडद्यावर डॉल्बी डिजिटल ही अक्षरे उमटली की काम झाले. ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर टीव्ही किंवा रिसीव्हरच्या मेनूत विलंबाची सेटिंग शोधावी. आवाज कमी-जास्त करण्यासाठी मात्र रिसीव्हरचाच रिमोट हाती ठेवावा लागेल. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

या संचाचा खरा गुण ब्ल्यू-रे लावल्यावर कळतो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्ल्यू-रे तबकडीवरचे दाबून साठवलेले आवाज स्वतः उलगडणाऱ्या पहिल्या परवडणाऱ्या रिसीव्हरांपैकी हा एक होता. ब्ल्यू-रे प्लेअर त्याच्या एचडीएमआय इनपुटला जोडावा. फोर-के प्लेअर घेणार असाल, तर दोन एचडीएमआय आउटपुट असलेला पाहावा : एक केबल टीव्हीला, दुसरी फक्त आवाजासाठी रिसीव्हरला.

या रिसीव्हरमधल्या रेडिओबाबत एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. अमेरिकेत मध्यम लहरींवरची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. पायरी बदलण्याची सोय मेनूत नसेल, तर ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे आकाशवाणी केंद्र त्यावर अचूक लागणार नाही.

प्रश्न : माझ्या रिसीव्हरला एचडीएमआय मुळीच नाही, पण मागे ‘मल्टिचॅनल इनपुट’ अशी सहा गोल सॉकेट आहेत. त्यांचा आज काही उपयोग आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे, पण प्लेअर तसा हवा. डीव्हीडी-ऑडिओ आणि एसएसीडी या उच्च दर्जाच्या संगीताच्या तबकड्यांचा बहुचॅनल आवाज ऑप्टिकलमधून नेता येत नसे, म्हणून प्लेअरने तो स्वतः उलगडून सहा वेगळ्या तारांनी द्यायचा आणि रिसीव्हरने फक्त मोठा करायचा, अशी ही व्यवस्था होती. सहा अ‍ॅनालॉग आउटपुट असलेला जुना ब्ल्यू-रे प्लेअर मिळाला, तर त्याचे ट्रूएचडीचे आवाजही याच मार्गाने आपल्या स्पीकरपर्यंत पोहोचतील, मात्र प्लेअरला ते उलगडता यायला हवेत. या इनपुटवर रिसीव्हरचे बासचे आणि स्पीकरच्या अंतराचे हिशेब बहुधा लागू होत नाहीत. ते प्लेअरच्या मेनूत भरावे लागतात. सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) गप्प वाटला, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी तिथे पाहावे.