नेत्याचं भाषण पेन्सिल घेऊन वाच

नेत्याच्या भाषणातली जादू पकडायची कशी, असं विचारलंस ना? टाळ्या कुठे पडल्या ते बघू नकोस, सर्वनामं बघ. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढ. जमल्यास मूळ इंग्रजीच वाच, अनुवादात लय सांडते. २६ जानेवारी १९५० ला 'आपण' विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार, असं ते सांगतात: राजकारणात समता, सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. आयुष्यभर चटके सोसलेला माणूस इथे 'तुम्ही' म्हणत नाही. म्हटला असता, तर सभागृह बचावाला उभं राहिलं असतं. मग लागोपाठ दोनदा 'किती काळ?' आणि त्यानंतर इशारा, की ही विसंगती मिटली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. हेच वाक्य आधी आलं असतं तर नुसती धमकी वाटली असती. क्रम बघ, क्रम!

त्याच भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असंही त्यांनी बजावलंय. तेव्हा तुझ्या लाडक्या नेत्यालाही हीच पेन्सिल लाव. मी सुरुवातीची काही वर्षं फक्त विरोधकांचीच भाषणं तपासत बसलो होतो.