पहिल्या लढायांत रांग पातळ ठेवावी

‘एम्पायर: टोटल वॉर’ या संगणकावरच्या युद्धखेळात १७०० सालची मराठ्यांची मोहीम निवडल्यास मोगलांशी युद्ध पहिल्या चालीपासूनच अंगावर असते, म्हणून रांगेचे तंत्र आधी समजून घ्यावे. रांगेत लढणाऱ्या पायदळाला आळीपाळीने गोळीबार करण्याची कवायत संशोधनातून मिळेपर्यंत केवळ पुढच्या ओळीच्याच बंदुका चालतात. मागचे शिपाई नुसते उभे राहतात. त्यामुळे पलटणी खोल न लावता लांब, पातळ पसराव्यात आणि त्यांच्यासमोर आपलेच स्वार येऊ देऊ नयेत, कारण गोळी आपला-परका ओळखत नाही. सुरुवातीच्या काही अवजड तोफा एकदा मांडल्यावर हलवता येत नाहीत, तेव्हा त्या टेकाडावर मांडणे उत्तम. घोडदळ मात्र राखूनच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे: शत्रूची फळी गोळीबारात गुंतली, की बगलेने वळसा घालून तिच्या पिछाडीवर तुटून पडावे.